पाहुण्याच्या नजरेनं आपलंच गाव: विदर्भातल्या खेड्याचा इतिहास कसा शोधायचा

बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे निजाम-उल-मुल्क आणि मोगलांचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला आणि पुढची सव्वादोनशे वर्षं हैदराबादच्या गादीवर निजामाचं घराणं राहिलं. दख्खनचा निकाल लावणारी लढाई आपल्या वऱ्हाडातल्या वावरात झाली, पण आपल्या शाळांच्या सहली रायगड-प्रतापगडाला जातात, फार तर शेगावला दर्शन घेऊन परततात.

साखरखेर्ड्याचं निदान नाव तरी पुस्तकात आहे. ज्या गावाचं नाव कुठेच नाही, तिथे काय पाहायचं? भरपूर असतं. मात्र पाहण्याची एक रीत आहे, आणि अनुभवानं मी एवढं नक्की सांगेन की देवळापासून सुरुवात करू नका, पाण्यापासून करा. ती रीत टप्प्याटप्प्यानं खाली देतो आहे.

आधी हद्द आखा

'विदर्भ दर्शन' करायला निघालात की लोणार, चिखलदरा आणि रामटेकचे फोटो काढून घरी याल. त्यात वाईट काही नाही, पण तो वेगळा उद्योग. इथली हद्द एवढीच: सकाळी दुचाकीनं निघून जेवायला घरी परत येता येईल इतका परिसर. त्यात आपलं गाव, शिवेला शिव लागलेली गावं आणि आठवडी बाजाराचं गाव. बाजाराचं गाव सोडू नका. जुन्या गाडीवाटा तिकडेच जातात आणि पुष्कळदा परगण्याचं जुनं ठाणंही तेच असतं.

या हद्दीत एखादं रिठ असतंच. सातबाऱ्यावर मौजाचं नाव आहे, शेतसारा आहे, आणि तिथे घर एकही नाही. कधी एक मारोती उरलेला असतो, कधी चिंचेची दोन झाडं. गाव का उठलं याची कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच सांगितली जातात: १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, प्लेग, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, नदीनं बदललेलं पात्र, खारं झालेलं पाणी, अलीकडच्या काळात धरण. आपल्या भागातल्या रिठांची यादी हा पहिल्या आठवड्याचा अभ्यास समजा. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, ती चहाच्या वेळात मिळते.

मोसम दिवाळी ते होळी. सोयाबीन निघालेलं असतं, ऊन सोसतं. कपाशीची उलंगवाडी झाली, तुरी सोंगल्या, की फेब्रुवारीत वावरं मोकळी होतात आणि जमिनीचा चढउतार उघडा पडतो. पावसाळ्यात गवत सगळं झाकतं आणि त्यात साप असतात. एक अपवाद मे महिन्याचा. पाणी तळाला गेलं की पायविहिरींच्या खालच्या पायऱ्या आणि कोनाडे दिसतात, तलावातली बुडालेली पायरी बाहेर येते. फक्त सकाळी आठच्या आत घरी परता. विदर्भाच्या उन्हाला इतिहासाचं कौतुक नाही.

कागद आधी, पाय नंतर

घरबसल्या पहिलं काम गॅझेटिअरचं. वऱ्हाडाचं लायलचं आणि मध्य प्रांताचं ग्रँटचं गॅझेटिअर १८७० चं आहे. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्हावार गॅझेटिअर निघाली आणि महाराष्ट्र झाल्यावर राज्य सरकारनं ती नव्यानं काढली. बरीचशी इंटरनेटवर फुकट मिळतात. शेवटी गावांच्या नावांनुसार टिपणं असतात, तिथून सुरुवात करा. आपल्या गावावर दोनच ओळी असल्या तरी त्यात बाजाराचा वार, देऊळ, जत्रा, शाळा, सरकी काढण्याचा कारखाना असं काही ना काही सापडतं. वाचताना लिहिणारा अधिकारी परका होता आणि त्याची नजर साऱ्यावर होती हे लक्षात असू द्या. जातींबद्दल त्यानं लिहिलेलं जसंच्या तसं उचलू नका.

दुसरं काम जमिनीच्या कागदांचं. इथे विदर्भाचे दोन भाग पडतात. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ हा वऱ्हाड. १८५३ साली निजामाकडून तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि इथे मुंबईच्या धर्तीवर खातेदारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा भोसल्यांचा मुलूख. त्याच वर्षी, १८५३ च्या शेवटी, तिसऱ्या रघुजींचा मृत्यू झाला आणि ते राज्य खालसा झालं. इथे मालगुजारी चालली, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा; ती १९५१ साली संपली. म्हणून वऱ्हाडातल्या कागदात देशमुख, देशपांडे, पाटील भेटतील आणि वैनगंगेच्या बाजूला मालगुजार. आपलं गाव कोणत्या बाजूचं, हे माहीत नसेल तर म्हाताऱ्यांच्या निम्म्या गोष्टी डोक्यावरून जातील.

सातबारा इतिहासाच्या फारसा कामाचा नाही. मागायचं ते १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्या वेळची ही कागदपत्रं. निस्तारपत्रकात गावाची सामाईक जमीन कशासाठी राखली ते असतं: गुरांचं आखर, स्मशान, चराई, मुरूम-माती, सरपण. वाजिब-उल-अर्जात वहिवाटीचे हक्क असतात: कोणत्या तलावाचं पाणी कोणाला, कोणत्या वाटेनं बंडी जाणार, मासे कोणी धरायचे. गाव एकत्र कसं जगत होतं हे यात जेवढं कळतं, तेवढं राजाच्या बखरीत कळत नाही. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आले आहेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मिळते. साधा अर्ज, मौजाचं नाव, साल आणि थोडी चिकाटी लागते.

तिसरा कागद गावनकाशा. भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या आणि शेजारी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडा. नकाशावर पांदण दिसते आणि आज ती कुठेच पोचत नाही, असं असेल तर पेनानं खूण करा. तिच्या टोकाला एकेकाळी काहीतरी होतं: नदीचा उतार, बाजार किंवा एखादं रिठ. गावठाणाच्या आकारातून कोटही ओळखू येतो. घरं दाट, गल्ल्या वाकड्या, आणि एका रेषेवर सगळं थांबलेलं. ती रेषा म्हणजे बहुतेक जुनी वेस.

पहिली फेरी: पाण्याची

आता घराबाहेर पडा. गाडी ठेवून द्या. पहिली फेरी पायीच हवी आणि ती नदी-नाल्यापासून सुरू व्हायला हवी, कारण गाव वसवणाऱ्यानं आधी पाणी पाहिलं, मग देव बसवला.

नदीकाठी उभं राहून उंचवटा शोधा. पूर न चढणारा, भोवतालच्या काळ्या मातीत फिक्या राखाडी मातीचा असा उंचवटा म्हणजे पांढर. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, चुलीची राख, शेण आणि कचरा साचला, त्यातून ही माती झाली. बऱ्याच गावांत आजचं गावठाण पांढरीवरच आहे. काही ठिकाणी ते सरकलेलं असतं आणि पांढर कुणाच्या वावरात पडलेली असते. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीवर कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्यांना ठाऊक. तिथल्या अशाच टेकाडांवर उत्खनन होऊन फार जुन्या काळापासूनची वस्ती उजेडात आली. भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर खोदलं, तेव्हा बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. लोक टेकडीवर देवाला जात होते, खाली काय आहे ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग विहिरी. गावात जुन्या विहिरी किती, बांधीव कोणत्या, पायऱ्यांची आहे का, पाणी गोडं की खारं, आणि कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, गोड्या पाण्याची एक विहीर साऱ्या गावाचा इतिहास सांगते. वाट तिच्याकडे जाते, भांडणं तिच्यावरून झाली, सोयरीक करतानाही तिची चौकशी व्हायची. आणि विहीर कोणाची हा प्रश्न जातीचाही होता. तो टाळून लिहिलेला गावाचा इतिहास खोटा होतो. वाईट वाटेल म्हणून वगळू नका, नीट विचारा आणि नीट लिहा.

पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, विहिरीच्या जागी तलाव घ्या. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, ते या भागात हजारोंनी आहेत. अनेक तलाव मालगुजारीच्याही आधीचे, गोंड राजांच्या काळातले. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात, आणि नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीचा म्हणून सांगतात. तलावावर जाल तेव्हा पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पूर्ण चाला. पाळ कुठे वळते, सांडवा नैसर्गिक खडकावर काढला आहे का, पाळीवर देव कोणता, खाली धानाची बांधी कुठवर भिजते, शेजारच्या बोड्यांना, म्हणजे लहान तळ्यांना, पाणी कसं उतरतं. उतार समजून एकाखाली एक तलाव बांधणाऱ्याकडे दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता. हे पाहिल्यावर 'आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही' असं म्हणायची सोय उरत नाही.

गढी, देऊळ, दगड

वऱ्हाडातल्या गावात शिरलात की मध्यभागी मातीचा ढिगारा आणि त्यावर एखादा बुरूज दिसतो. ती गढी. तळाला दगड, वर पांढरीची माती, भिंत कधी कधी दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद. पेंढाऱ्यांची धाड आली की गावातली बायकापोरं आणि धान्य इथे आत जायचं. लोकांनी धाब्याच्या छतासाठी, सारवणासाठी, वावरात टाकायला गढीची माती नेली, म्हणून ती दरवर्षी थोडी खाली येते. पडलेल्या भिंतीचा काप दिसला तर थांबून पाहा: खापरं, राख, हाडाचे तुकडे, विटा, थरावर थर. बोट घालून काढू नका, फोटो घ्या. वर चढायचं असेल तर मालकाला विचारा आणि आग्या मोहोळ आहे का ते पाहा. पडक्या बुरुजात ते हमखास असतं.

देवळाकडे आता या. जुन्या काळ्या दगडाच्या प्रत्येक देवळाला हेमाडपंती म्हणायची आपली पद्धत आहे. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. त्याच्या नावावर खपणारी कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत. ओळखायचं ते बांधणीवरून: चुन्याशिवाय दगडात दगड अडकवलेला, खांबांवर चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ एकावर एक, छत कोपरे कापत कापत लहान होत गेलेलं. गाभाऱ्याच्या दारावर मधोमध कोणती मूर्ती कोरली आहे ते आधी पाहा. गणपती असेल तर फारसं ठरत नाही, पण गरुड असेल तर आत आज पिंड असली तरी देऊळ मुळात विष्णूचं असण्याचा संभव मोठा. बाहेरच्या भिंतीवर पद्मासनात बसलेल्या मूर्ती असल्या तर जैन देऊळ असू शकतं. देव बदलतात, दगड तेच राहतात.

गावाच्या कडेला शेंदूर लावलेले उभे दगड असतात. कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला एक हात आणि वर चंद्रसूर्य असेल तर तो सतीचा दगड. एकावर एक तीन चौकटी असतील, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर तो पिंडीची पूजा करतोय, तर वीरगळ. गावात त्यालाच कुणी 'मेस्को', कुणी 'बुवा' म्हणून नारळ फोडतं. तिथे विद्वत्ता पाजळू नका. नाव, श्रद्धा आणि आपला अंदाज तिन्ही वेगळ्या ओळींवर लिहा.

काही गावांत ओटे दिसतील, वर मूर्ती नाही, नुसता चौथरा. महानुभावांची स्थानं अशी असतात. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, त्या जागांची दिशा-ठिकाणासह नोंद करणारी स्थानपोथी चौदाव्या शतकातली आहे. मराठीत आपल्या गावांचं हे जवळजवळ पहिलं प्रवासमार्गदर्शक. वऱ्हाडातल्या आणि गंगथडीच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, कितीतरी खेड्यांचे, देवळांचे, वेशींचे उल्लेख त्यात आहेत. आपलं गाव त्यात आहे का, हे जवळच्या महानुभाव मठात विचारा. तिथे पाठ असणारी माणसं भेटतात.

साल कसं काढायचं

लेख दिसला तर खडू, चुना, तेल, हळद काहीही लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड पडतो तेव्हा फोटो घ्या, नाहीतर अंधारात मोबाइलची बत्ती एका बाजूनं धरा. अक्षरं उठून दिसतात.

साल वाचता आलं की हिशेब सोपा. शकात ७८ मिळवा: शके १२०० म्हणजे इ.स. १२७८. विक्रम संवतातून ५७ वजा करा. मुसलमानी अमलातल्या कागदांवर फसली सन, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाचं वर्ष, असेल तर दख्खनी फसलीत ५९० मिळवा. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं त्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा. ११३७ हिजरी घ्या, १७२४ येतं. एखाद्या वर्षाचा फरक सगळीकडे धरून चाला. लेख मोडीत किंवा फारसीत असेल तर अंदाजानं वाचू नका. मोडीचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात, आणि मशीद-दर्ग्यावरच्या फारसीसाठी गावातले मौलवी किंवा कॉलेजातले उर्दूचे प्राध्यापक आनंदानं मदत करतात.

'पांडवकालीन', 'राक्षसानं एका रात्रीत बांधलं', 'गवळी राजाचं' ही तिन्ही उत्तरं सगळीकडे मिळतील. त्यातून साल निघत नाही. पण आपल्याआधी इथे गुराखी लोकांचं राज्य होतं अशी आठवण गाविलगडापासून नागपूरपर्यंत का टिकली असेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

म्हाताऱ्यांजवळ बसायची रीत

मुलाखत घ्यायला गेलात आणि मोबाइल पुढे धरला की माणूस भाषण सुरू करतो. 'आमच्या गावाचा इतिहास फार थोर आहे' इथून ते सुरू होतं आणि तिथेच संपतं. म्हणून पहिल्या भेटीत काही टिपूच नका. दुपारी चारनंतर पारावर जा, किंवा थंडीत सकाळी शेकोटीजवळ. आपण कोणाचे, कोणत्या घरचे, ते आधी सांगा. गावात ही ओळख लागतेच.

थोर प्रश्न विचारू नका, हाताला लागतील असे विचारा. 'आबाजी, तुमच्या लहानपणी नदीले पूर आला तं पाणी कुठलोक ये?' या एका प्रश्नावर जुनी वस्ती, वाहून गेलेला वाडा, हललेलं देऊळ, मेलेली माणसं सगळं बाहेर येतं. 'बंडी घेऊन कापूस विकाले कुठं नेत?' म्हटलं की जुना रस्ता, मुक्कामाची जागा, अडत्या, भाव आणि चोरांचा नाला कळतो. 'वीज आली तेव्हा पयला दिवा कोणाच्या घरी लागला?' यावर वाद होतो, आणि वादात माहिती जास्त मिळते.

बायकांकडे वेगळं जा, आणि शक्यतो घरातली एखादी बाई सोबत घेऊन जा. गावातल्या पुरुषांना देवळाचं साल सांगायचं असतं. बायकांना विहीर, जातं, बाळंतपण, साथीचं वर्ष आणि कोणत्या घरी कोण कुठून दिली ते पक्कं ठाऊक असतं. भुलाबाईची गाणी म्हणायला लावा. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या म्हणतात, त्यात गावातल्या सावकाराची, पाटलाची, दुष्काळाची थट्टा असते. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार हे लोकनाट्य आणि दिवाळीनंतरची मंडई नावाची गावजत्रा यांचा हाच उपयोग आहे. कोतवाल, न्हावी, सुतार, गुराखी यांना तर अजिबात सोडू नका. पाटलाच्या वाड्याबाहेरचं गाव त्यांनी पाहिलेलं असतं.

एकाच गोष्टीची तीन घरांतली तीन रूपं मिळाली तर तिन्ही लिहा. आपण न्यायाधीश नाही.

वावरात काही सापडलं तर

नागपूरच्या आसपासच्या शिवारात फिरताना मोठ्या गोट्यांचे गोल दिसले, तर ते धुऱ्यासाठी कोणी रचलेले नसतात. ती शिळावर्तुळं, लोहयुगातली दफनं. जुनापाणीला अशी सुमारे ३०० आहेत. माहुरझरीला मणी आणि घोड्यांचे तांब्याचे दागिने मिळाले, पेंच नदीकाठच्या नैकुंडला लोखंड वितळवायची भट्टी सापडली. म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या या मातीत लोखंड गाळत होते. वावरात जड, काळा, भोकं पडलेला दगड सापडला आणि त्याला चुंबक थोडं ओढलं, तर तो लोखंडाचा कीट असू शकतो. बाजूला काळ्या-तांबड्या खापराचे तुकडे आहेत का पाहा.

पाहा, फोटो काढा, जागच्या जागी ठेवा. खापर घरी शोकेसमध्ये आलं की त्याची किंमत संपली, कारण त्याची जागा हीच त्याची माहिती. नाणी, दागिना किंवा धन मिळालं तर प्रश्न कायद्याचा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये अर्थात त्या काळचे, पण आकडा बदललेला नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी वगैरे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. शेजारच्याला घर बांधायचं असेल तर हे आधी सांगून ठेवा, नंतरच्या भांडणापेक्षा बरं.

गुप्तधनवाल्यांपासून जपा. नंदी फोडलेला, गाभाऱ्याची फरशी उखडलेली, अमावस्येनंतर लिंबू आणि खड्डा हे आपल्याकडे नवीन नाही. म्हणून एकाकी मूर्तीचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमावर टाकू नका. गावाचं नाव पुरे.

कालचाही इतिहास मोजा

दगडी देवळाच्या नादात आजोबांचा काळ निसटतो. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडाच्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. तालुक्याच्या गावातलं जिनिंग-प्रेसिंग, त्याचं धुराडं, भोंगा, अडत्यांच्या माड्या त्यातून उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी नॅरोगेज शकुंतला रेल्वे कापसासाठीच होती. तिच्या बंद स्टेशनांवरून पायी फिरणं ही फार चांगली सहल आहे, सकाळी, पाणी सोबत घेऊन.

चले जाव चळवळीत १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टीत काय झालं ते पुस्तकात आहे. आपल्या गावातून तिकडे कोण गेलं, हे पुस्तकात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेला गावातून कोण गेलं, कसं गेलं, परत आल्यावर घरातल्या देवांचं काय केलं आणि विहार कधी बांधला, हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. हे काम सगळ्यात आधी करा, देऊळ थांबेल.

तुलनेसाठी बाहेर पडा

आपलं गाव थोडं कळलं, की मग मोठ्या जागा बघायला मजा येते. रामटेक, मनसर आणि नगरधन एका दिवसात होतात, आणि वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी कुठल्या भूमीवर होती ते पायाखाली कळतं. लोणारच्या दैत्यसूदन देवळात मूर्ती ओळखायचा सराव होतो. मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची मूर्ती पाहा, सिंदखेड राजाला लखुजी जाधवांची समाधी पाहा.

माझी शिफारस मात्र अचलपूरच्या बाजूची. तिथे चमक नावाचं साधं गाव आहे. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा पाचव्या शतकातला ताम्रपट इथे मिळाला आणि त्यात मधुनदीकाठचं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचं लिहिलं आहे. नाव आणि नदीकाठ दोन्ही अजून तिथेच. पुढे रिद्धपूरला जा: वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट तिथला, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव तेच, आणि लीळाचरित्र रचलं गेलं तेही तिथेच. एका खेड्यात किती थर बसू शकतात ते बघून परत आपल्या गावाच्या नकाशाकडे या.

नरनाळ्यासारखे किल्ले वनखात्याच्या हद्दीत आहेत. परवानगी आणि वेळ आधी विचारून जा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडच्या जंगलालगतच्या तलावांवर दिवस मावळायच्या आत परतायचं, हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही, बाहेरच्यांना लागतं.

नोंद आणि गावफेरी

एक जाड वही करा. प्रत्येक जागेला एक पान: नाव, गट नंबर, कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काय पाहिलं, काय वाटतं. फोटोत मापासाठी फूटपट्टी किंवा पेन ठेवा. सांगणाऱ्याचं नाव लिहायला त्याची परवानगी घ्या. वहीची झेरॉक्स ग्रामपंचायतीत आणि शाळेत द्या, मोबाइल बुडाला तरी ती राहते.

शेवटी एका रविवारी गावातल्याच लोकांना फिरवा, शाळेतली पोरं पुढे. नदीपासून सुरू करा, गढीवर संपवा, दीड तासाच्या पुढे नेऊ नका. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटं तुम्ही बोला आणि बाकीचं तिथल्या घरच्या म्हाताऱ्याला बोलू द्या. तो तुमचं चुकीचं म्हणेल, तेही वहीत घ्या. सगळ्या वाड्या-मोहल्ल्यांतून वाट जाईल असं बघा, आणि चहा कोणाकडे घ्यायचा ते आदल्या दिवशी ठरवून ठेवा, नाहीतर त्यावरूनच नवा इतिहास घडतो.